वजन : अठरा किलो

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. औषधाची, पण माणसाच्या नव्हे, कुत्र्याच्या. माझ्या पाठीवर सहा शिक्के आहेत, डाव्या कोपऱ्यावर तुपाचा डाग आहे आणि पोटावरून एक तिरकी लाल रेघ गेली आहे. ही त्या रेघेपर्यंतची हकिकत.

माझा जन्म जनावरांच्या दवाखान्यात, शंभर पानांच्या पॅडमध्ये झाला. माझ्या वरची बहीण एका मांजरीच्या जंतांवर खर्ची पडली, तिच्या वरची एका पोपटाच्या नखावर. माझ्या वाट्याला भोपळ्या आला. हा चार वर्षांचा, तपकिरी, लांब कानांचा कुत्रा. लहानपणी गोल होता म्हणून नाव पडले आणि पुढे ते कोणी बदलले नाही. त्या आठवड्यात त्याला दोनदा झटके आले होते. खाता खाता तो आडवा पडे, पाय ताठ होत, तोंडाला फेस येई. घरच्यांची पाचावर धारण बसली. सून घड्याळ लावून झटका किती वेळ टिकतो ते बघत होती आणि आजोबा नुसते त्याचे नाव घेत होते. दोघांपैकी उपयोगाचे कोण, हे तुम्हीच ठरवा.

डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि म्हणाल्या, "रोज दोन वेळा गोळी द्यावी लागेल. आधी वजन करू."

वजनकाटा दाराशीच जमिनीवर होता. भोपळ्याने तो पाहिला आणि तो टेबलाखाली घुसून पायाला बिलगला. त्याला ओढू लागल्यावर टेबलही सरकू लागले.

"कशाला छळता त्याला?" आजोबा म्हणाले. "सकाळीच तोललाय मी. अठरा किलो."

"घरी? कसा?"

"त्याला उचलून मी भरलेला चौऱ्याऐंशी, रिकामा सहासष्ट. उरला तो भोपळ्या."

आजोबांची सगळी नोकरी ट्रकच्या वजनकाट्यावर झाली होती. तीस वर्षे त्यांनी भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करून माल किती ते सांगितले होते. रिकाम्या गाडीचे वजन पुस्तकात नोंदलेले असे, ते दर वेळी कोणी तोलत नसे. आजोबांच्या पुस्तकात आजोबा सहासष्ट किलोचे होते. ही नोंद निवृत्तीच्या दिवसाची. त्यानंतरच्या आठ वर्षांत पट्ट्याला टोकाकडे नवीन भोके पाडावी लागली होती, पण नोंदीला कोणी हात लावला नव्हता.

बाहेर एक ससा, दोन मांजरी आणि त्यांचे चार मालक ताटकळत होते. बाईंनी माझ्यावर लिहिले, "वजन : अठरा किलो", आणि पुढे बारीक अक्षरात, "घरी केलेले". त्या दोन शब्दांत त्यांची शंका होती. म्हणूनच अगदी तळाशी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, "पंधरा दिवसांनी वजन व रक्त तपासायला आणणे". मग सही, शिक्का, आणि मी सहा महिन्यांसाठी नोकरीला लागले.

पहिल्याच दिवशी औषधाच्या दुकानात माझी थट्टा झाली. दुकानदाराने मला नाकाजवळ धरून विचारले, "पेशंट कुठंय, आजोबा?"

"बाहेर. तुमच्या पाटीच्या खांबाशी पाय वर करून उभा आहे."

"मग लवकर न्या त्याला तिथून," असे म्हणत दुकानदाराने गोळ्या मोजल्या, माझ्या पाठीवर पहिला शिक्का मारला आणि बजावले, "मध्येच बंद करू नका हं. झटके उलटतात."

घरी मला फ्रिजच्या दारावर मानाची जागा मिळाली. पाहुण्यांना मला दाखवले जाई. पण मला धरून ठेवणारे चुंबक मोठे होते, आणि ते लावले होते नेमके तळाच्या ओळीवर. पंधरा दिवस झाले. महिना झाला. माझ्याकडे रोज दोनदा बघून गोळी दिली जाई. चुंबक मात्र कोणी हलवले नाही.

झटके थांबले, हे खरे. पण भोपळ्या दाराच्या चौकटीला धडकू लागला. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर त्याचे मागचे पाय दुमडत. चेंडू टाकला की तो चेंडूकडे बघे आणि झोपे.

"बाबा, हा झिंगल्यासारखा चालतोय," सून म्हणाली.

"शहाणा झालाय. औषध लागू पडलंय."

"शहाणा झाला तर पाण्याच्या भांड्यात तोंड घालून झोपेल का?"

"तू डॉक्टर की ती डॉक्टर?"

सून भोपळ्याचे ओले तोंड पुसू लागली.

सातव्या महिन्यात आजोबा मला घेऊन दुकानात गेले. घरात दोनच दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. दुकानदाराने मला उलटे केले, सुलटे केले आणि परत केले. "मुदत संपली, आजोबा. नवीन चिठ्ठी आणा."

"अहो, कुत्रा तोच, गोळी तीच, मी तोच!"

"तेच डॉक्टरांकडून लिहून आणा."

आजोबा संतापले, पण उपाय नव्हता. गोळी चुकली तर झटका येणार, हे त्यांनाही ठाऊक होते. संध्याकाळी ते सुनेसह दवाखान्यात गेले. भोपळ्या या खेपेला टेबलाखाली घुसला नाही. काट्यापाशी जाऊन आडवा झाला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली ती तिथे.

"उचलून घ्या त्याला आणि काट्यावर उभे राहा."

आकडा आला पंच्याऐंशी.

"वजा सहासष्ट, एकोणीस," आजोबांनी लगेच सांगितले. "एक किलोने वाढलाय."

"त्याला सूनबाईंकडे द्या. आता एकटे उभे राहा."

"मला कशाला? मी सहासष्ट."

"मला नका सांगू. काट्याला सांगा."

काट्याने बहात्तर सांगितले. आजोबा खाली उतरले, चष्मा पुसला, पुन्हा चढले. बहात्तर. सून तोंडातल्या तोंडात हिशेब करत होती. तेरा किलोचा कुत्रा सहा महिने जवळजवळ दीडपट गोळी खात होता.

"एकदम कमी करता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आज रक्त तपासू. मग हळूहळू उतरवू. सुधारेल तो." आणि माझ्या तळाच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे वाचलं नव्हतं?"

तेव्हाच माझ्या अंगावर लाल रेघ ओढली गेली.

मला टोपलीत टाकणार, एवढ्यात आजोबांनी हात पुढे केला. "राहू द्या. चुकलेली नोंद फाडायची नसते." घरी आल्यावर त्यांनी माझ्या कडेला आपल्या कोरीव अक्षरात लिहिले, "रिकामी गाडी : बहात्तर", आणि खाली तारखेसह सही केली. तीस वर्षांत त्यांनी अशी दुरुस्ती केल्याचे ऐकिवात नाही.

आता मी त्यांच्या चष्म्याच्या डबीत असते. फ्रिजवर नवीन चिठ्ठी आहे, आणि चुंबक तिच्या कोऱ्या कोपऱ्यावर आहे. परवा डबी उघडी होती, तेव्हा जिन्यावरून धडधडत काहीतरी खाली आले आणि सून ओरडली, "अरे भोपळ्या, कपबशा!" कपबशा फुटल्या. आजोबा हसत होते.

मित्रांनो, माझे काम संपले आहे, म्हणून एवढेच मागते. माझ्यासारखी चिठ्ठी घरी आली, तर तिची शेवटची ओळही वाचा. वजन विचारले, तर आठवून सांगू नका, तोलून सांगा. आपल्याला काय होतेय ते भोपळ्याला सांगता येत नव्हते. मला काय ठाऊक आहे ते मलाही सांगता येत नव्हते. सहा महिने आम्ही दोघे एकाच स्वयंपाकघरात होतो, आणि तुम्ही कधी वाचाल याची वाट बघत होतो.