चाळीस किलोंचा बंद डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कमरेइतका उंच, पोटाने गोल, चाळीस किलो तांदूळ सहज मावतील एवढा. माझ्या जातीचे डबे आपली गोष्ट सांगताना फुशारकी मारतात. मला ते जमणार नाही. डब्याला मान नसते हे खरे, पण मी हे सारे खाली मान घालूनच सांगतो आहे.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवले. माझ्या तळाचा सांधा त्याने दोनदा कथलाचा डाख देऊन पक्का केला. मग मला उचलून उन्हाकडे धरले आणि आत डोके घालून कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते पाहिले. एकही दिसला नाही. तो स्वतःशीच हसला, आणि मला वाटले, माझ्यासारखा मीच!

मला न्यायला आली ती ग्रंथालयात काम करणारी एक बाई होती. घरात सगळे तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. आमच्या गावाला बाहेरून येणारा रस्ता एकच, नदीवरच्या पुलाचा. आदल्या वर्षी तो पूल चार दिवस बंद होता. दुकाने रिकामी झाली. आईने मुलांना दोन्ही वेळा मीठ लावून उकडलेले बटाटे दिले, आणि चौथ्या दिवशी तेही संपले. ते तिच्या मनाला फार लागले होते. पुन्हा अशी वेळ आली तर घरात महिनाभराचे धान्य राखीव हवे, असे तिने ठरवले होते.

कारागीर तिला म्हणाला, "बाई, खाली लाकडी फळी ठेवा. आणि महिन्यातून एकदा झाकण काढून आत हात घालत जा. पत्रा आहे शेवटी, त्याचा काय भरवसा धरायचा!"

मला त्याचा भारी राग आला. आता वाटते, मला घडवणारा तो एकटाच मला नीट ओळखत होता.

आईने फळी ठेवली, पण दुसरे सांगणे विसरली. उलट कोणीतरी तिला सांगितले होते की हवा लागली की धान्य बिघडते. तिने तांदूळ दोन दिवस कडक उन्हात वाळवला, मला काठोकाठ भरले, झाकण घट्ट बसवले आणि कडेने मेणबत्तीचे मेण वितळवून ओतले. ग्रंथालयात काम करणारी ती, चिठ्ठीशिवाय कशी राहील? वळणदार अक्षरात लिहिले, 'तांदूळ. चाळीस किलो. उघडू नये.' डाळ, तेल, मीठ रोजच्या वापरात येत-जात राहिले. मला मात्र कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

हात लावायची ती फक्त आई. दर रविवारी ती बोटाच्या पेराने माझ्या पोटावर टकटक करी. भरल्या डब्याचा आवाज बद्द येतो. तो आला की ती समाधानाने मान हलवी. मुलांचे वडील गाड्या दुरुस्त करायचे आणि घरी आले की आईची थट्टा करायचे. "चला, बाजूला व्हा! कोठारमंत्री पाहणीला निघाल्यात!" ती लटक्या रागाने म्हणायची, "हसा, हसा. वेळ आली की कळेल." मी आणखीच फुगायचो.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. भिंतीपलीकडच्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई आपल्या लहान मुलीबरोबर राहत होती. एकदा मला न्याहाळत ती म्हणाली, "वहिनी, मीही असाच एक डबा करून घेऊ का?"

"कशाला गं? तुझी खोली ती केवढीशी, ठेवशील कुठे? हा आहे ना आपला. वेळ आलीच तर दोन्ही घरं जेवतील."

शेजारणीचा जीव भांड्यात पडला. तिने डब्याचा विचार सोडून दिला.

आता लाजेची गोष्ट सांगतो. फरशी रोज धुतली जायची आणि पाणी फळीखाली साचून राहायचे. फळी भिजली, सुजली. दुसऱ्या वर्षी माझ्या तळाचा सांधा गंजला आणि त्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले. ओल आत शिरली आणि वर वर चढत गेली. तांदळाची ढेकळे झाली, त्यांवर बुरशी धरली. मला सगळे कळत होते, पण मी मूग गिळून गप्प बसलो. तोंडावर मेण होते, ही सबब खरीच आहे, पण तेवढ्याने मनाचे समाधान होत नाही.

एकदा वडील नाक वर करून म्हणाले, "कसला गं हा कुबट वास?"

"मोरीचा असेल," आई म्हणाली. मग रविवार आला, तिने टकटक केली. ओलीने दगड झालेला तांदूळ पूर्वीपेक्षाही भरीव वाजला. आई खूश झाली.

तिसऱ्या वर्षी नदीला मोठे पाणी आले. पुलाच्या खांबाखालची माती वाहून गेली आणि पूल मधोमध खचला. सारे गाव दुकानांकडे धावले. आमच्या घरातून कोणी गेले नाही. शेजारीणही गेली नाही. "आपल्याला काय घाई?" आई तिला म्हणाली. दोघी माझ्या भरवशावर निवांत बसल्या.

पाचव्या दिवशी सकाळी आईने सुरीने मेण खरवडले आणि झाकण काढले. घरभर वास पसरला. वडिलांनी हात घातला तर हिरवी-काळी ढेकळे हाती आली. आईने झाकण परत लावले.

तेवढ्यात दारात शेजारीण आली. एका हातात रिकामे पातेले, दुसऱ्या हातात मुलीचा हात. "वहिनी, कालपासून पोरीच्या पोटात काही नाही. दोन वाट्या तांदूळ द्याल?"

आईचा चेहरा उतरला. ती माझ्यापाशी आली, माझ्यावर टकटक केली आणि म्हणाली, "आहेत गं. पण हे म्हणतात, एवढ्यात डबा उघडायचा नाही. अजून किती दिवस काढायचेत, कोण जाणे."

शेजारणीने तो बद्द आवाज ऐकला. "बरं, वहिनी," एवढेच म्हणून ती वळली. मुलगी मात्र माझ्याकडे बघत बघत गेली. मित्रांनो, गंजलो तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती. खोट्याला साक्ष मी दिली होती.

"माझ्या नावावर का खपवलंस?" वडिलांनी हळू आवाजात विचारले.

"मग काय सांगू? कुजलेत म्हणून? मीच तिला डबा घेऊ दिला नाही हो!" आईला रडू फुटले. मग तोंड धुऊन बाहेर गेली आणि शेजारणीला हाताला धरून घेऊन आली. तिच्यासमोर तिने माझे झाकण काढले.

"बघ. सगळं नासलंय. मघाशी मी खोटं बोलले."

शेजारणीने आत पाहिले. मग ती म्हणाली, "मला वाटलं, आमच्यासाठी तुमचा हात आखडला."

ओट्यावरच्या रोजच्या डब्यात दीड किलो तांदूळ उरला होता. आईने तो वाटीने मोजून निम्मा तिच्या पातेल्यात ओतला. नवव्या दिवशी होड्यांतून धान्य येईपर्यंत दोन्ही घरांत भातात पाणी जास्त आणि शिते कमी होती.

पुढे मला घासले, तळाला नवा पत्रा मारला, विटांवर उभे केले. आता माझ्यातला जुना तांदूळ आधी शिजतो आणि मग नवा भरला जातो. मेण गेले, चिठ्ठीही गेली. मित्रांनो, तुमच्या घरी अडीअडचणीसाठी काही साठवून ठेवले असेल, तर ते आजच उघडून बघा. आत काय निघेल याची भीती वाटत असेल, तर ते सगळ्यांत आधी उघडा.

शेजारणीने लगेच स्वतःचा डबा करून घेतला. तो जिन्यावरून वर चढवायला आईने खालून हात दिला. दोघी पहिल्यासारख्या बोलतात, हसतात. पण तिची मुलगी आमच्याकडे खेळायला आली की आधी माझे झाकण काढते आणि टाचा उंचावून आत बघते. कोणी तिला रागावत नाही.