अण्णांच्या खोलीची शांतता

शांततेलाही आवाज असतो, हे राजलक्ष्मी तळपदेला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? गिरगावातल्या त्यांच्या वाडीत शांतता अशी कधी नसायचीच.

मिशनच्या कॉलेजात त्या वर्षी फिल्म आणि रेडिओचा वर्ग नव्याने निघाला होता. कॅमेरा एकच, तोही कपाटात कुलूपबंद. "आधी कान, मग डोळा," फादर रामोन म्हणायचे. हे फादर स्पेनचे. पांढऱ्या झग्यावर मशिनच्या तेलाचे डाग, आणि मराठी अशी, की एकेक शब्द धुऊन वाळवून मग तोंडाबाहेर काढावा. पहिल्याच दिवशी त्यांनी बाराही जणांना चॅपेलमध्ये एक मिनिट गप्प बसवलं. टेपरेकॉर्डर चालू होता. मग तीच टेप त्यांनी वर्गात लावली, आणि राजलक्ष्मीच्या अंगावर सर्रकन काटा आला. काहीच नाही म्हणता म्हणता त्यात केवढं काय काय होतं! छताखाली पारव्याने पंख झटकले होते, कुठला तरी बाक कुरकुरला होता, आणि त्या सगळ्यामागे बारा जणांचा श्वास चालला होता. आपण बसलो होतो तिथे हे सगळं होतं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

"प्रत्येक जागेची शांतता वेगळी," फादर म्हणाले. "जिथे आवाज घ्याल, तिथली शांतताही एक मिनिट घ्या. नाहीतर मार्क नाहीत."

त्या दिवसापासून ही पोरगी जिथे तिथे डोळे मिटून उभी राहू लागली. पाद्र्यांनी हिला प्रार्थनेला लावलं की काय, या धास्तीने आई, सुमतीबाई, चार दिवस नीट जेवल्या नाहीत.

वडील अच्युतराव, म्हणजे साऱ्या वाडीचे अण्णा, एका बोटीच्या कंपनीत हेडक्लार्क. साहेबापुढे ब्र काढायचे नाहीत. पण संध्याकाळी सभेला गेले, आणि व्यासपीठावरून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं आलं, की अण्णांचं "झालाच पाहिजे" साऱ्या गर्दीच्या वरून ऐकू यायचं. लोक मान वळवून बघायचे, एवढ्याशा माणसाला एवढा गळा! राजलक्ष्मी मात्र आईवर गेलेली. तिने वर्गात दिलेली हजेरी शेजारणीलासुद्धा ऐकू जायची नाही.

एकोणसाठच्या जानेवारीत अण्णांचा घसा बसला. घोषणा देऊन बसला असेल, म्हणाले लोक. पण तो काही उठेना. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं आणि सांगून टाकलं, की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. ऑपरेशनचा गुरुवार ठरला.

मंगळवारी राजलक्ष्मी फादरांपुढे जाऊन उभी राहिली आणि पुटपुटली, "फादर, मला अण्णांचा आवाज ठेवायचाय." फादर लगेच उठले. त्यांनी तिच्या परीक्षेचं रीळ आणि ते जड मशिन बुधवारच्या दुपारपुरतं तिच्या हवाली केलं. प्रत्येकाला रीळ एकच मिळायचं. मार्क दिले की ते पुसून पुढच्या वर्गाला द्यायचं, असा कॉलेजचा नियम होता. पुढचं पुढे बघू, असं म्हणून ती घोड्याच्या व्हिक्टोरियात बसली.

घरी येऊन बघते तर अण्णा कोट-टोपी चढवून तयार! माइकपुढे ताठ उभे राहिले आणि त्या घोगऱ्या गळ्याने सुरू झाले, "रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट..." नाव झालं, हुद्दा झाला, किती वर्षं इमानेइतबारे नोकरी केली ते झालं, कंपनीचे आभार झाले. सगळं इंग्रजीत, साहेबाला अर्ज लिहावा तसं.

"अण्णा, घरच्यासारखं बोला ना," ती रडकुंडीला आली.

"अगं, कॉलेजच्या परीक्षेत वाजणार ना हे? तिथे घरगुती बोलून कसं चालेल?"

आणि गडी पुन्हा सुरू. रीळ संपत आलं. जेमतेम एक मिनिट उरलं, तेव्हा तिने हात टेकले.

"झालं अण्णा तुमचं. आता नुसती शांतता घ्यायची." ती मशिन चालू ठेवून, अण्णा आणि आईला आत सोडून गॅलरीत गेली, आणि खेळणाऱ्या पोरांना ओठांवर बोट ठेवून दटावत मिनिटभर दाराशी उभी राहिली. आत आली तेव्हा रीळ संपलं होतं. अण्णा टोपी काढून बसले होते, आणि आई पदराने डोळे पुसत होती.

ती टेप लावून बघायचा धीर तिला झाला नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. हॉलमध्ये भिंतीवर क्रूस, खाली टेबलावर मशिन. गळ्याला मफलर, हातात पाटी-पेन्सिल अशा थाटात अण्णा शेवटच्या रांगेत आईशेजारी बसले. त्यांचं इंग्रजी वाजत होतं तोवर ते मोठ्या समाधानाने मान हलवत होते. मग ते संपलं, आणि खोलीची शांतता सुरू झाली. लांबवर कुणीतरी बादली ठेवली. खुर्ची करकरली. आणि घोगरा, हळू आवाज आला, मराठीत.

"सुमती, उद्यापासून तुला हाक मारता येणार नाही गं."

राजलक्ष्मीने टेबलाची कड घट्ट धरली. नुसती शांतता घ्यायची म्हणजे मशिन बोलणं टिपत नाही, अशीच त्या भल्या माणसाची समजूत झाली होती!

"मुंबई मिळेल तेव्हा सगळी गल्ली ओरडेल, आणि मी नुसता तोंड उघडून उभा. आपल्या राजीला सांग, माझ्या वाटचं तिने ओरडायचं. भित्री आहे गं ती. पण गळा माझा आहे तिच्यात, मला ठाऊक आहे."

टेप संपली. माणूस मागे मुका बसलेला, आणि त्याचा गेलेला आवाज नुकताच हॉलभर फिरून गेलेला! फादर रामोननी छातीवर क्रूसाची खूण केली. राजलक्ष्मीला वाटलं, हे असलं काही माणसाच्या हाती द्यायला देव फार मोठ्या मनाचा असला पाहिजे.

अण्णा मात्र कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी घाईघाईने पाटीवर काहीतरी खरडलं. पाटी हातोहात पुढे गेली. फादरांनी मोठ्याने वाचलं, "क्षमस्व. घरगुती बोलणे चुकून आले. नियमाप्रमाणे पुसावे." वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला, कारण नियम खरंच तसा होता.

"नाही!"

सगळे दचकले. खिडकीतले पारवे उडाले.

"नाही पुसायचं! कुणी हात लावायचा नाही त्याला!"

हे आपणच ओरडलो, हे राजलक्ष्मीला सगळे आपल्याकडे बघायला लागल्यावर कळलं. फादरांनी रीळ काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. "प्रिन्सिपॉलना मी सांगतो," ते म्हणाले, आणि पाटी मागे पाठवली.

अण्णांनी कोटाच्या बाहीने पाटी पुसली. सावकाश, हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात लिहिलं, आणि शेवटच्या रांगेतून पाटी दोन्ही हातांनी उंच धरली.

"आवाज इथपर्यंत पोचला."