कावळ्याचा पाय

आमच्या पिनेगा नदीकाठच्या लाकडी चर्चचं तंबूसारखं उंच छप्पर यंदा पुन्हा उतरवत आहेत. खाली बाकावर मी आणि अग्नीया बसतो. अग्नीया म्हणजे लुक्यान मिस्त्रीची मुलगी.

खाली उतरलेल्या एका तरुण सुतारानं एक कुजकं लाकडी कौल उलटं धरलं; कडेला करवतीचे ओरखडे, मागे तीन रेघांची कोरलेली खूण. "आजी, हा कावळ्याचा पाय कुणाचा? गडी पिऊन काम करायचा वाटतं."

"माझ्या वडिलांची खूण," अग्नीया म्हणाली.

लुक्याननं हे छप्पर घातलं तेव्हा मी वीस वर्षांची होते, त्याच्या हाताखाली कौलं तासायचे. कौलं कुऱ्हाडीनंच तासायची, हा लुक्यानचा नियम. कुऱ्हाडीनं लाकडाचे तंतू दबून मिटतात, करवतीनं उघडे राहतात आणि पाणी पितात. प्रत्येकानं आपल्या कौलामागे खूण कोरायची. संध्याकाळी लुक्यान सगळ्यांची कौलं तपासायचा, फक्त स्वतःची नाही.

एका संध्याकाळी गावच्या क्लबात अकॉर्डियन सुरू झाला होता. माझी तीस कौलं उरली होती. मी ती करवतीनं कापली, मागे कावळ्याचा पाय कोरला, लुक्यानच्या ढिगात सरकवली आणि नाचायला पळाले.

छपराच्या सातव्या वर्षी चर्च गळू लागलं. वर चढलेल्यांनी हाती लागली तेवढी कुजकी कौलं लुक्यानपुढे टाकली. त्यानं एक उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. "खूण माझी आहे," एवढंच म्हणाला. मी चार पावलांवर उभी होते. त्यानंतर त्यानं कुऱ्हाड धरली नाही. म्हातारा पितो, असं गाव म्हणू लागलं. मीही मान डोलवायचे.

"अग्नीया," मी म्हणाले, "ती कौलं माझी होती." मग सगळं सांगितलं, अकॉर्डियनसकट.

तिनं नदीकडे मान वळवली.

"मला काय सांगतेस, उस्तीन्या? ते पीत नव्हते, हे मला माहीतच होतं. त्या सुतारांना सांग."

वर सहा सुतार होते, कुंपणाशी दूध घ्यायला आलेल्यांची रांग होती. मी काठी टेकून उठले.

"पोरांनो," मी हाक मारली. कुऱ्हाडी थांबल्या. "ती खूण लुक्यानची, पण काम माझं. करवतीनं केलेलं. मी चोरून त्याची खूण कोरली."

रांगेतली बाई किटली खाली ठेवून माझ्याकडे बघू लागली.

मी वळले. अग्नीया बाकावर नव्हती. ती त्या सुतारापाशी उभी होती आणि ते कौल मागत होती.