घासलेला नंबर

बाबा तिला पहिल्यांदा "अहो ताई" म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा त्यांच्या अंगातच मुरलेली. "अहो ताई, जरा सरकता का, उजेड अडतोय," असं म्हणून त्यांनी वर पाहिलं, आणि त्या नजरेतला परका अदबशीरपणा बघून तिच्या हातातला कप कलंडला. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाशी ते अगदी असंच बोलायचे.

तेव्हापासून ती ताईच राहिली. आत्याला, म्हणजे स्वतःच्या धाकट्या बहिणीला, ते ओळखत. तिच्याशी मीठ कमी पडल्यावरून भांडतही. पोटच्या पोरीचा चेहरा मात्र पाटी पुसावी तसा पुसून गेला होता. त्यांच्या लेखी त्यांची मुलगी अजून लहान होती, आणि कधीही विचारा, ती शाळेत गेलेली असायची.

गाडी तेवढी ते विसरले नव्हते. घरामागच्या शेडमध्ये त्यांची बसक्या नाकाची जुनी व्हॅन कित्येक वर्षं धूळ खात उभी होती. चारही टायर बसलेले, आरशात कोळ्याचं जाळं. एका सकाळी आत्यानं त्यांना उन्हाला म्हणून तिकडं नेलं, तर त्यांनी गाडीच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "ही माझी. चढाला रडत नाही कधी."

एवढंच वाक्य. पण ती त्या वाक्याला धरूनच बसली.

त्या व्हॅनचं इंजिन दोन सीटच्या मधोमध होतं आणि त्यावर लोखंडी झाकण होतं. लहानपणी तीच तिची जागा. खाली घडी केलेलं पोतं, बुडाला ऊब, आणि शेजारी बाबा. ते तिला "दहाचा पाना" म्हणत. का, असं कुणी विचारलं की सांगत, "गॅरेजात सगळ्यांत जास्त लागतो तो दहाचा पाना, आणि ऐन वेळी हरवतो तोही तोच!" तिच्या मनानं घेतलं, की गाडी चालू व्हावी, आपण त्या झाकणावर बसावं, खालून तोच थरथराट यावा. मग ते शेजारी वळून बघतील आणि म्हणतील, दहाचा पाना.

"गाडी चालू झाली म्हणजे डोकं चालू होतं का गं?" आत्या म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले, जुनी सवय कधीकधी काम करते."

"डॉक्टर 'कधीकधी' म्हणाले ना? तू 'नेहमी' ऐकलंस." पण दुसऱ्या दिवशी आत्यानंच शेडमधला केर काढून दिला.

ती कारखान्यात मापं तपासायच्या कामाला होती. सुटा भाग समोर आला की त्याची जाडी, खोली, दातांतलं अंतर काढायचं आणि बरोबर की चूक ते सांगायचं, हा तिचा रोजचा धंदा. त्यामुळं सुट्टीच्या दिवसांत इंजिन तिनं नेटानं खोललं, धुतलं, जुळवलं, आणि ते खोकत-खाकरत का होईना, बोलायला लागलं. पण गिअर टाकला की गाडी जागची हलेना. मागून नुसता दगड भरडल्यासारखा आवाज.

इंजिन फिरतं म्हणजे चाक फिरतंच असं नाही. इंजिनाचा जोर गिअरमधून एका लांब दांड्यात येतो, दांडा गाडीच्या पोटाखालून मागं जातो. त्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, ते क्राउन. तिथं जोर काटकोनात वळतो आणि मागच्या चाकांना मिळतो. ही दोघं एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. एकाला परक्या जोडीतलं चाक लावलं, तर संसार टिकत नाही.

तिनं मागच्या चाकांमधल्या पेटीचं झाकण उघडलं. काळ्या तेलात पिनियनचे दात पडले होते.

पिनियन पुसून तिनं उजेडाला धरलं. अशा भागावर कुठं ना कुठं नंबर ठोकलेला असतो. नंबर कळला की भाग कुठल्या गाडीचा ते कळतं, मग शोधता येतो. नंबराच्या जागी गुळगुळीत चकाकी होती. कुणीतरी सावकाश, निगुतीनं, एकही अक्षर उरणार नाही असा तो घासून काढला होता.

कुणीतरी म्हणजे कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. बाबांची ती रीतच होती. गाडीत बसवायच्या प्रत्येक भागाचा नंबर ते आधी ग्राइंडरच्या चाकावर घासून काढत. नंबर कळला तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल; न कळला तर फिरून आपल्याच दारी येईल. या व्हॅनचं मूळचं पिनियन एका चढावर मोडलं, तेव्हा त्यांनी कुठल्याशा भलत्याच गाडीची क्राउन-पिनियनची जोडी आणून बसवली, आणि ती अशी बसली, की भरलेली व्हॅन चढावर नव्या गाड्यांना मागं टाकू लागली. बाकीचे मेकॅनिक विचारून विचारून थकले. बाबा नुसते मिशीत हसायचे.

तिनंही विचारलं होतं, झाकणावर बसून.

"तू मोठी झालीस की सांगीन," ते म्हणाले होते.

ती मोठी झाली, शिकायला गेली, नोकरीला लागली. सांगायचं राहून गेलं.

तिनं मापं घेतली. दांड्याची जाडी, खाचा, शाबूत दातांची उंची. मिळतील ती जुनी पुस्तकं चाळली. एका गाडीशी दात जुळायचे तर दांडा जाड निघायचा. दुसरीशी दांडा जुळायचा तर खाचा कमी भरायच्या. शेवटी ती भंगारवाल्याकडं गेली. त्यानं पिनियन हातात घेतलं, अंगठा फिरवला, आणि खो खो हसत सुटला.

"ताई, हे तर तुमच्याच घरचं काम! एवढं सफाईदार घासणारा दुसरा कोण होता? तेव्हा उस्तादांनी आम्हाला रडवलं, आता घरच्यांची पाळी."

"कुठून आणलं असेल त्यांनी?"

"माझ्या बापाकडून नेलं असेल. पण बाप गेला आणि उस्ताद असे." त्यानं पिनियन तिच्या हातात परत ठेवलं. "त्यांनाच विचारा की एखाद्या चांगल्या दिवशी."

चांगले दिवस आता येत नव्हते. बाबा दिवसेंदिवस कमी बोलत होते; घास तोंडात धरून ठेवत होते. थांबायला वेळ नव्हता. म्हणून जे करू नये ते तिनं केलं. लेथवाल्याकडून मोडलेल्या दातांवर वेल्डिंगनं लोखंड चढवून घेतलं आणि ते घासून नवे दात काढवले. लेथवाला बाबांच्या वेळचा, तोंडाचा फटकळ.

"शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथं शीतच मोडलंय. चालेल, पण किती, ते विचारू नकोस."

"कारखान्यात असा भाग माझ्यासमोर आला, तर मी फेकून देईन," ती म्हणाली.

"मग देऊ फेकून?"

"नको."

नवे टायर चढवून रविवारी दुपारी गाडी शेडबाहेर काढायची ठरली. चालवायला लेथवाला बसला. बाबांना खिडकीशी बसवलं. ती मधे, झाकणावर, पोत्याची घडी करून. इंजिन सुरू झालं. खालून तो थरथराट आला, तस्साच. बाबांचं बोट मांडीवर ठेका धरू लागलं. गाडी हलली, शेडच्या सावलीतून उन्हात आली, फाटकापर्यंत गेली. बाबांनी मान वळवली. ते तिच्याकडं बघू लागले, कपाळाला आठी घालून, काहीतरी ओठांवर आल्यासारखे.

मागं फाडकन आवाज झाला. मग भरडल्याची घरघर, आणि गाडी थांबली.

लेथवाल्यानं इंजिन बंद केलं. "गेलं. क्राउनलाही खाल्लं असणार त्यानं."

"पिनियन गेलं," बाबा म्हणाले. "वेल्डिंगचा दात होता. आवाजावरून कळतं. कुणी केलं हे गाढवाचं काम?"

कित्येक महिन्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते. लेथवाला खाली मान घालून चक्क हसला. शिवी खाऊन इतका खूश झालेला माणूस तिनं पाहिला नव्हता. भंगारवाल्याकडं पिनियनसोबत नेलेला जुना तुटका दात अजून तिच्या पर्समध्ये होता. तिनं तो त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"बाबा, ही जोडी कुठल्या गाडीची?"

त्यांनी तुकडा नाकाशी नेला, तेलाचा वास घेतला, अंगठ्यानं कड चाचपली. चेहऱ्यावर ओळख उमटली, पुरी ओळख.

"माझ्या हातची आहे ही."

"हो. कुठल्या गाडीची?"

ते मिशीत हसले. "ते आम्ही सांगत नसतो, ताई."

"बाबा, मी आहे. दहाचा पाना."

हसू मावळलं. त्यांनी तिला संशयानं न्याहाळलं. "तिचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं झाकणावरचं पोतं चाचपलं.

"लहान आहे ती अजून," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून. "मोठी झाली की सगळं सांगणार आहे मी तिला. कुठून काय आणलं, कशाला काय बसतं. तिलाच सांगायचं म्हणून तर ठेवलंय. दुसऱ्या कुणाला नाही." तुकडा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला. "तुमची गाडी होईल. उद्या या."

'उद्या या' ऐकून गिऱ्हाइकं वैतागायची, तेव्हा ती याच झाकणावर बसून तोंडावर हात धरून हसायची. बाबांचा उद्या कधी उजाडत नसे, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं.

"येते," ती म्हणाली.

ते खिडकीतून रस्त्याकडं बघू लागले. उन्हं कलली होती. मग काहीसे अवघडून ते तिच्याकडं वळले.

"ताई, राग मानू नका. शाळा सुटायची वेळ झाली. पोरगी येईल आता." त्यांनी झाकणाकडं बोट दाखवलं. "ती जागा तिची आहे."

ती उठली. पोत्याची घडी पुन्हा नीट केली, झाकणावर सारखी केली, आणि खाली उतरली.