चुन्याची निवळी

सकाळचे ऊन शाळेच्या कौलांवरून घरंगळत आधी अंगणातल्या चुन्याच्या ढिगावर उतरले, तिथे क्षणभर लखलखले, मग गजांतून प्रयोगशाळेत येऊन काचेच्या बाटल्यांच्या खांद्यांवर एकेक करून विसावले. रोजचेच ऊन. तरी जोतीराम मास्तर कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिले. माणसांकडे पाहण्यापेक्षा ते सोपे होते.

दारात बाबालाल गवंडी आला. मागे उंबऱ्याबाहेर पिराजी, एका डोळ्यावर फडके बांधलेला. महिन्यापूर्वी शाळेच्या भिंतीसाठी चुना विझवताना तो त्याच्या डोळ्यांत उडाला होता. पिराजी महारवाड्यातला. बाबालालने धावत जाऊन मशिदीच्या हौदावरून पाणी आणले, तोवर एक डोळा गेला. शाळेतला हंडा रिकामा होता, असे मास्तरांनी अपघाताच्या अहवालात लिहिले होते. शिवाशिव मोडण्याचा दरबारचा हुकूम निघाला होता. मनांचा निघायचा होता.

“मुकादम ह्यालाच धांदरट म्हनतोय, कामावर घेत न्हाय,” बाबालाल म्हणाला. “चुना आसतो तरी काय, सांगा की मास्तर!”

मास्तरांनी चुन्याच्या निवळीत हळदीचा कागद बुडवला. पिवळा कागद लालभडक झाला!

“आयला! ही निवळी तर पान्यागत दिसतीया!” पिराजी उंबऱ्यावरूनच वाकला.

“यात हायड्रॉक्साइड आयन असतो. प्राणवायू आणि हायड्रोजन यांची इवलीशी जोडी, वर ऋण विद्युतभार. कातड्याचे केस तीच उतरवते, तेलाचा साबणही तीच करते.” मास्तरांनी लिंबाचे थेंब टाकले. कागद पुन्हा पिवळा! “लिंबाच्या आम्लातला हायड्रोजन भेटला, की दोघांचे पाणी होते. एवढी दाहक जोडी, आणि शेवटी साधे पाणी!”

“मग डोळ्यात लिंबू पिळायचं व्हय?”

“छे, छे! डोळ्याला फक्त स्वच्छ पाणी. भरपूर आणि त्याच क्षणी.”

“त्याच क्षनी,” पिराजी हळूच म्हणाला.

त्याने डोळ्यावरचे फडके सारखे केले. मग बाबालाल म्हणाला, “चुन्यानं जात इचारली न्हाय, मास्तर. आपुन मातुर पानी देताना इचारतो!”

मास्तरांची मान खाली गेली. “पिराजी, आत या. बसा.”

वाचक बंधूंनो, सृष्टीच्या एवढ्याशा कणालाही भेदभाव ठाऊक नाही! तहानेला आणि वेदनेला जात विचारणारे ज्ञान हे ज्ञानच नव्हे.

मास्तरांनी दौत पुढे ओढली आणि नवा अहवाल लिहायला घेतला. पहिले वाक्य त्यांनी मोठ्याने वाचले :

“हंडा भरलेला होता, आणि मी त्याच्याशेजारी उभा होतो.”