डाव्या खांद्यावरची मी

मित्रांनो, २०१६ सालच्या श्रावणात कुणीतरी मला वाकडी ठरवून माझ्यावर पहिल्यांदा पाना चालवला. मी छर्‍यांची जुनी बंदूक आहे. माझा दस्ता शिसवी आहे, नळी सरळ आहे, आणि त्या वर्षाची आठवण आली की माझी स्प्रिंग अजून रागाने कुरकुरते.

कारखान्यातून मला आणलं दत्तोबांनी. लोणावळ्याला डोंगराच्या कडेवर, जिथे लोक दरी बघायला येतात, तिथे ते फळीवर रंगीत फुगे लावत. वीस वर्षं मी तिथे राबले. पाहुणे दहात दोन फुगे फोडायचे आणि उरलेल्या आठांचा दोष मला द्यायचे. मग दत्तोबा मला उचलून एका छर्‍यात एक फुगा फोडायचे आणि म्हणायचे, "सायेब, बंदूक सरळ हाय. वारं वाकडं आसंल!" रोज संध्याकाळी ते मला तेलाच्या फडक्याने पुसत. गुडघे गेल्यावर त्यांनी मला कान्हे गावातल्या एका शाळेला देऊन टाकलं. देताना एवढंच म्हणाले, "हिच्या नेम धरायच्या खाचंचा स्क्रू कुनी हलवू नका. लय वर्सांनी बसलाय."

शाळेत आदिनाथ सर खेळ शिकवत. माणूस कष्टाळू, पण एकदा ठरवलं की ठरवलं. नेमबाजीचा चार मुलांचा संघ जिल्ह्याला पाठवायचा, असं त्यांनी त्या वर्षी ठरवलं होतं. शिवाय खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की पाहुण्यांसमोर संघाने एका रांगेत बंदुका उचलायच्या, असंही ठरलं होतं.

संघात यायला धडपडणारी एक मुलगी होती, चिंगी. आंदर मावळातल्या ठाकरवाडीची, नववीतली. वाडीपर्यंत बस जात नाही, म्हणून ती वसतिगृहात राहायची. मित्रांनो, मी हजारो हात पाहिले आहेत. तिच्यासारखा स्थिर हात मी दुसरा पाहिला नाही. ती श्वास रोखायची तेव्हा माझी नळी तसूभर हलत नसे.

पहिल्या दिवशी तिने पाच छर्रे मारले. पाचही डावीकडे, शेजारच्या स्नेहलच्या कागदावर!

"ए चिंगे," स्नेहल ओरडली, "मला मार्क द्यायला आलीस काय गं?"

सगळे खदाखदा हसले. सर म्हणाले, "डावा डोळा मीट."

"सर, ह्यो एकटा मिटत न्हाई. दोनी मिटत्यात."

मग सरांनी तिच्या डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला. उजव्या डोळ्याला पाणी यायला लागलं आणि छर्रे चहूकडे उडाले. एकदा तिने आपण होऊन मला डाव्या खांद्याला लावलं, तर सरांनी मला हिसकावून घेतलं. "उलटी धरतेस? रांगेत तीन एका बाजूला आणि तू एक दुसरीकडे! पाहुण्यांसमोर शोभेल का?"

शोभेल का, म्हणे! अहो, छर्रा भरताना मी मधोमध दुमडते, त्यात डावं-उजवं काही नाही. माझा दस्ता दोन्ही गालांना सारखाच बसतो. मला कोणताही खांदा चालतो. पण मला विचारतंय कोण?

शेवटी सर म्हणाले, "एक तर पोरगी तिरळी आहे, नाही तर ही बंदूक वाकडी." आणि त्यांनी पाना आणला. छर्रे डावीकडे जातात ना, मग खाच उजवीकडे! दत्तोबांनी जपलेला स्क्रू त्यांनी पार टोकापर्यंत फिरवला. साहजिकच माझ्यातून मारलेले इतर मुलांचे छर्रे उजवीकडे जाऊ लागले. मग माझ्या दस्त्यावर खडूने 'भंगार' लिहून त्यांनी मला चिंगीच्या हवाली केलं. "तुला हीच बरी," म्हणाले. खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी चाचणी होती. त्यात चार नावं ठरायची होती आणि यादी त्याच दुपारी जिल्ह्याला जायची होती.

शुक्रवारी मांडवाचे बांबू आले. शाळेतल्या शिपाई शालूबाई चिंगीला म्हणाल्या, "सरळ सरळ निवडून दे बाई. तुमा ठाकरांना बांबूतलं कळतं." चिंगीने एक बांबू उजव्या हाताने उचलला, टोक डोळ्याशी धरलं आणि लांबवर बघितलं.

शालूबाई थबकल्या. "आगं, हात उजवा आन् डोळा डावा?"

"मंग? सरळ ह्याच डोळ्यानं दिसतं की."

"मंग बंदूक त्याच डोळ्याला का लावत न्हाईस?"

"सर वरडत्यात, मावशी."

"वरडू देत! मी हाय तितं उभी."

शनिवारी चिंगीने मला डाव्या खांद्याला लावलं. सर डोळे वटारून पुढे झाले, पण दारात शालूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पाच छर्रे गेले. सरांनी लांबूनच कागद पाहिला. "पन्नासात नऊ. झाली हौस?" त्यांनी चार नावं लिहिली, कागदाचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

शालूबाई जाऊन चिंगीचा कागद घेऊन आल्या. काळ्या ठिपक्याच्या बर्‍याच उजवीकडे एक भोक होतं. त्यांनी त्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. भोक झाकलं गेलं.

"सर, पाच छर्रे. समदे रुपयाखाली. आता सांगा, तिरळं कोन हाय?"

सरांनी नाणं उचलून पाहिलं. मग माझी खाच पाहिली. पाना आणला आणि स्क्रू मागे घेतला. "चिंगे, परत मार."

पन्नासात शेहेचाळीस. स्नेहललासुद्धा हसू आलं नाही.

"यादी गेली गं," सर हळूच म्हणाले.

"मंग परत धाडा की!" शालूबाई कडाडल्या.

सरांनी दोनदा फोन लावला. मुदत संपली होती. खंडेनवमीला चार बंदुका उजव्या खांद्यांवर एका रांगेत फार शोभल्या. फोटोही काढला. चिंगी मांडवाच्या खांबाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

स्नेहल जिल्ह्याला अकरावी आली. ती आता तळेगावात परिचारिका आहे. दत्तोबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. माझ्या स्क्रूचं त्यांना कुणी सांगितलं नाही, ते बरंच झालं. शालूबाई निवृत्त होऊन वराळ्याला लेकाकडे राहतात. आदिनाथ सरांची बदली झाली. नव्या शाळेत ते म्हणे पहिल्याच दिवशी मुलांना लांबच्या झाडावर अंगठा धरायला लावतात आणि एकेक डोळा मिटून बघायला सांगतात. ज्या डोळ्याने अंगठा झाडावरून हलत नाही, तो नेमाचा डोळा. चांगलं आहे. माझा राग त्यामुळे थोडा उतरला, सगळा नाही.

चिंगी दहावीत डाव्या खांद्याने खेळली आणि जिल्ह्यात दुसरी आली. पुढच्या फेरीला स्वतःची बंदूक हवी होती. ती कुठून आणणार? तिथेच थांबली. गेल्या वर्षी ती पोलीस भरतीत निवडली गेली. तिथे तिला कोणता खांदा सांगितला, हे मला अजून कळलेलं नाही.

मी इथेच आहे, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या कॅरमच्या मागे. नळीत गंज धरू लागला आहे. मित्रांनो, जमलं तर मला तेलाच्या फडक्याने पुसा. आणि तुमच्यातल्या कुणाचे छर्रे सारखे एकाच बाजूला जात असतील, तर हसण्याआधी आणि पाना शोधण्याआधी तिला एवढंच विचारा, "बाई गं, तू बघतेस कुठल्या डोळ्याने?"