सत्तेचाळीस नंबरचा देव

काचेच्या फळीवरच्या धुळीत तो स्वच्छ तिकोनी तुकडा गेल्या महिन्यात नखाएवढा होता, आज बोटाचं पेर मावेल एवढा झालेला — मालनने कपाटाच्या दाराला नाक टेकवून पाहिलं, श्वासाने काच धुरकट झाली, ती पदराने पुसून पुन्हा पाहिलं. देव वळला होता. चौकोनी बैठकीचा एक कोपरा सरकला होता आणि इतके दिवस त्याखाली झाकलेली फळी उघडी पडली होती. कपाटाला कुलूप, किल्ली विद्याधर सरांच्या टेबलाच्या खणात, म्हणजे कुणी हात लावायचा प्रश्नच नाही. आणि वळला होता तो उजवीकडेच, खिडकीकडे, तिचं स्टूल असतं तिकडे. चला, म्हणजे उत्तर बदललेलं नाही, तिने स्वतःला सांगितलं आणि केरसुणी उचलली.

घाटकोपरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांचं हे संग्रहालय. खाली पेपर वाचायला म्हातारे येतात, त्यातला एखादा वर पंखा आहे म्हणून जिना चढतो, नाण्यांच्या पेटीसमोर जांभई देतो आणि उतरतो. बाकी अकरा ते पाच ती एकटी — मोडक्या तलवारी, मडक्यांची खापरं आणि सत्तेचाळीस नंबर. वीतभर उंचीचा काळा दगड, नाक झिजलेलं, डोळ्यांच्या जागी खळगे. चिठ्ठीवर लिहिलेलं: ग्रामदैवत, दक्षिण कोकण, काळ अनिश्चित. कुठल्या गावचा, ते काही नाही. पहिल्यांदा ती चिठ्ठी वाचली तेव्हा तिला त्याची दयाच आली होती. गावाला माहीत नाही देव कुठे गेला, देवाला माहीत नाही गाव कुठे राहिलं... आमचा दशरथही असाच कुणाच्या तरी कपाटात नंबर लावून बसला असेल मेला!

संप लांबत गेला होता, गिरणीचा भोंगा वाजेना, आणि त्र्याऐंशीच्या वैशाखात तिचा नवरा दशरथ म्हणाला होता, गावाक जावन येतंय, आठ दिवसांत. खुंटीवरची दुसरी किल्ली त्याने खिशात टाकली — अवेळी आलो तर तुला उठवायला नको. तो गावी पोचलाच नाही. एस.टी.त बसला की नाही, वाटेत कुठे उतरला, कोण जाणे. पोलिसांत फोटो दिला, पेपरात छापला, नवस बोलून झाले. पाच वर्षं ती दाराला तेच जुनं कुलूप लावते, दर शनिवारी त्यात खोबरेल सोडते, कारण ते गंजलं तर नवं घ्यावं लागेल आणि नव्या कुलपाची किल्ली त्याच्या खिशात नाही. एवढी साधी गोष्ट लवूला, सख्ख्या भावाला, समजावून सांगता येत नाही.

लवू माघात आला होता. धाकटा असून थोरल्यासारखा बोलला. "ताई, बस झालं आता. खोली सोड नि बोरिवलीला चल आमच्याकडे. पोरं विचारतात गं, आत्या एकटी का राहते म्हणून."

"नि ते आले म्हणजे? दारात दुसरंच कुणीतरी बघून काय करतील?"

"मेलेल्याची बायकोसुद्धा वर्षाने मोकळा श्वास घेते, ताई."

"मेलेत असं कुणी सांगितलं तुला? कुणी सांगितलं, बोल ना!" ती इतक्या मोठ्याने ओरडली होती की शेजारची सोनूबाई दारात येऊन उभी राहिली. लवू उठला. चपला घालताना म्हणाला, वैशाखात चौथ्या रविवारी येतो, टेम्पो घेऊनच येतो, तेव्हा काय ते एकदा सांग. तो रविवार उद्या होता.

माघातल्या त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी तिने देवाला विचारलं. गावच्या देवळात कौल लावायचे तसं. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवी, गाऱ्हाणं घाली, आणि मग सगळा गाव श्वास धरून उभा — उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ती तेव्हा लहान, परकर नेसून बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत मागे. देव तिने कधी धड बघितलाच नाही. बाप्यांच्या पाठी, घामाने भिजलेली बंड्यांची कापडं, आणि मग एकदम आरोळी, उजवो दिल्यान! आता इथे पाकळ्या लावायला कपाट कोण उघडून देणार? तेव्हा तिने काचेबाहेरूनच हात जोडले, आणि कुणी नाही बघून पुटपुटली, बा देवा म्हाराजा, माझो घोव जिवंत असात नि माघारी येवचो असात तर उजवो कौल दी. 'व्हय म्हाराजा' म्हणायला बाकी गाव नव्हतं, म्हणून तेही तिनेच म्हटलं. मग तिला हसू आलं, मग रडू. आणि आठव्या दिवशी देव उजवीकडे वळलेला!

तेव्हापासून तो वळतोच आहे. रोज डब्यातली भाजी-भाकरी खाताना ती त्याच्याकडे बघते. आपल्याकडे तोंड करून कुणीतरी बसतंय, हेही काही कमी नव्हतं... खरं सांगायचं तर तिला नवऱ्यापेक्षा आता ह्याचीच सवय झाली होती.

दुपारी विद्याधर सर आले. निवृत्त शिक्षक, आता हे संग्रहालय सांभाळणारे, सदा हातात फूटपट्टी. त्यांनी कपाटासमोर थांबून चष्मा वर केला, खाली केला. "मालनबाई, हा हलवला कुणी?"

"किल्ली तुमच्याकडेच असते, सर."

"हो की." त्यांनी तळहात काचेवर टेकवला आणि मान कलती करून थांबले. खाली वाचनालयाला लागून असलेल्या छापखान्याचं यंत्र खडाक-खडाक चाललं होतं, लग्नसराईच्या पत्रिका. "हात लावा इथे. लागतंय? फळी थरथरते आहे. बैठक खालून जराशी फुगीर आहे, म्हणून भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतोय बिचारा. सोमवारी मेण आणतो, खाली लावून टाकू. कधीपासून फिरतोय?"

"लक्ष नाही गेलं," ती म्हणाली.

सर टेबलाशी बसून नोंदवहीत लिहू लागले. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायची त्यांची सवय. "क्रमांक सत्तेचाळीस... मूळ स्थितीपासून डावीकडे वळलेला आढळला..."

"उजवीकडे ना, सर?" ती पटकन बोलून गेली.

"तुमच्या उजवीकडे. मूर्तीची डावी-उजवी मूर्तीचीच धरतात, मालनबाई, बघणाऱ्याची नव्हे. ती आपल्याकडे तोंड करून असते ना?"

छापखान्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. यंत्राने वळला म्हणे! गावात तरी काय, पाणी सुकलं की पाकळी पडते हे काय लोकांना कळत नव्हतं? पण दोन्हीतली कुठली आधी सुकायची, ते कोण ठरवतं? तसं यंत्र हलवेल, बाजू देवच ठरवणार... पण हे डाव्या-उजव्याचं काय? ती स्टुलावर बसून आपले दोन्ही तळहात बघत राहिली, मग उठून काचेकडे पाठ करून देवासारखी उभी राहिली आणि डावा हात लांब केला. हात खिडकीकडे गेला. सरांनी वर बघितलं तशी तिने केस सारखे केल्यासारखं केलं. सरांची पद्धत पुस्तकातली, ती म्हणत राहिली, देवळातली निराळी असेल. निराळी असणारच.

संध्याकाळी टेकडी चढून चाळीत पोचली तेव्हा सोनूबाई दारात सुपात तांदूळ निवडत होती. सत्तरीची म्हातारी, सासरा गुरव होता तिचा. मालन खोलीचं दार न उघडताच तिच्यापाशी टेकली.

"सोनूबाय, कौलात उजवा म्हणजे कुणाचा गं? आपला की देवाचा?"

"देवाचो गो बाये. तुजो खंयचो?" सोनूबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "कौल देता कोण? देव. मगे तेचोच उजवो. तुज्या उजव्याक कोण इचारता?"

"मग आपल्या उजव्याला पडली तर..."

"तर नाय म्हणता देव. कित्याक? कोणी लावलो कौल?"

"कोणी नाही. सहज," असं म्हणत मालन उठली. कुलूप एका झटक्यात उघडलं, तेलपाण्याने गुळगुळीत झालेलं. आत येऊन ती भिंतीला पाठ लावून बसली आणि वाट बघू लागली — आता काळजात कळ येईल, आता रडू फुटेल. देव पहिल्यापासून नाहीच म्हणत होता. चार महिने, रोज, जरा जरा करून, नाही, नाही, नाही. आणि मी समोर भाकरी खात होय समजत होते. केवढी मूर्ख बाई! पण रडू येईना. खांदे तेवढे खाली आले. आणि तिला सडकून भूक लागली. तिला स्वतःची लाज वाटली. नवरा मेला असेल असं कळल्यावर भूक लागते? तिने वाटीभर भात कालवला आणि उभ्याउभ्याच खाल्ला, पुन्हा घेतला, तोही खाल्ला.

मग खोली फार शांत वाटली. एवढी वर्षं लोक म्हणत होते, मालन एकटी राहते, तेव्हा तिला त्यांचं हसू येई, कारण खोलीत एक माणूस यायचं बाकी होतं, आणि बाकी असलेलं माणूसही जागा अडवतं. ते आता उठून गेलं होतं. एकटी ती आत्ता झाली होती, आज, संध्याकाळी साडेसहा वाजता, आणि हे सांगायला कुणी नव्हतं. सोमवारी सत्तेचाळीस नंबरखालीही मेण बसेल. मग तोही कुणाकडे वळायचा नाही.

उद्या लवू टेम्पो घेऊन येईल. त्याला काय सांगायचं? देव नाही म्हणाला, म्हणजे निघायचं असं थोडंच आहे... तो येईल का एवढंच विचारलं होतं मी. मी काय करू, हे विचारलंच नव्हतं. चार महिन्यांत एकदाही नाही. पाच वर्षांत नाही.

शनिवार होता. सवयीने तिने खोबरेलाची बाटली घेतली, उंबऱ्यात बसली, कुलूप मांडीवर ठेवलं आणि तळहातावर तेल ओतलं. दिवाबत्तीची वेळ, चाळीत घराघरांतून रेडिओवर बातम्या लागलेल्या. तेल तळहातावर थोडं थोडं पसरत होतं, बोटांच्या फटींकडे निघालं होतं. ती त्याकडे बघत राहिली. मग तिने तो हात डोक्यावर नेला आणि कोरड्या, राठ झालेल्या केसांच्या मुळांशी तेल चोळलं, हळूहळू, दुसऱ्या कुणाचं डोकं असल्यासारखं. मांडीवरचं कुलूप तसंच होतं. तिने पुन्हा तेल ओतून घेतलं, कुलपाकडे एकदा पाहिलं, आणि तेही केसांनाच लावलं.